मोबाईल ॲपची कसोटी

शेतात उभ्या असलेल्या पिकाची नोंद गाव नमुना बारामध्ये करणे हे महसूल प्रशासनाचे फार जुने काम होय. पिढ्यान् पिढ्या हे काम तलाठ्याने शिवारात फिरून, डोळ्यांनी पाहून व हाताने लिहून केले. १५ ऑगस्ट २०२१ रोजी महाराष्ट्रात ‘ई-पीक पाहणी’ प्रकल्प राज्यभर सुरू झाला आणि शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभे राहून, पिकाचे छायाचित्र काढून, मोबाईलवरून ही नोंद करावी अशी सोय झाली. पीक कर्ज, पीक विमा, नैसर्गिक आपत्तीतील मदत अशा बाबतींत पिकाच्या नोंदीला महत्त्व असते. ज्या नोंदीशी शेतकऱ्याचा हक्क निगडित आहे, ती नोंद अशा रीतीने मोबाईल ॲपच्या स्वाधीन झाली.

नोंदवहीत हाताने लिहिताना चूक झाली, तर ती एका गटापुरती, फार तर एका गावापुरती मर्यादित राहत असे. ॲपमधील चुकीचे तसे नसते. एकच आज्ञावली सर्व मोबाईलवर चालत असल्यामुळे तिच्यातील एक दोष एकाच दिवशी शेकडो गावांत सारख्याच रीतीने प्रकट होऊ शकतो आणि खाडाखोड दिसत नसल्यामुळे तो पुष्कळ काळ कोणाच्या ध्यानातही येत नाही. यास्तव ॲप तयार करण्याइतकेच त्याची चाचणी घेणे महत्त्वाचे ठरते. या चाचणीचे एक स्वतंत्र शास्त्र गेल्या अर्धशतकात विकसित झाले आहे. त्याची ओळख असणे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य या सर्वांनाच उपयुक्त आहे.

दोष शिरतो कसा?

संगणकाला वा मोबाईलला स्वतःची बुद्धी नसते. त्याला क्रमवार दिलेल्या सूचनांचा संच म्हणजे आज्ञावली होय. सूचना देणारा माणूस एखादी शक्यता विसरला, तर यंत्र ती आपण होऊन ध्यानात घेत नाही. आज्ञावलीतील अशा उणिवेला ‘बग’ म्हणजे किडा असे म्हणतात. अभियंत्यांमध्ये हा शब्द आधीपासून रूढ होता. परंतु ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क-२’ या संगणकात खरोखरच एक पतंग अडकलेला सापडला व तो नोंदवहीत चिकटवून ठेवण्यात आला.

पुढे आज्ञावल्या मोठ्या व गुंतागुंतीच्या होत गेल्या. पूल बांधताना अभियंता जशी शिस्त पाळतो, तशी शिस्त आज्ञावली तयार करतानाही हवी, या विचाराने ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे तज्ज्ञांची परिषद भरली. ‘सॉफ्टवेअर अभियांत्रिकी’ ही संज्ञा या परिषदेनंतर सर्वत्र रूढ झाली.

सर्व शक्यता तपासता येतात काय?

‘पूर्ण तपासून पाहिले’ असे म्हणणे सोपे असते. प्रत्यक्षात तसे करणे बहुधा अशक्य असते. ३२ अंकस्थानांच्या दोन द्विमान संख्यांची बेरीज करणारी साधी आज्ञावली घेतली, तरी संख्यांच्या संभाव्य जोड्या इतक्या होतात की, सेकंदाला एक अब्ज जोड्या तपासल्या तरी ५८० वर्षांहून अधिक काळ लागेल. म्हणूनच डच संगणकशास्त्रज्ञ एड्स्गर डाइक्स्ट्रा यांनी असे प्रतिपादन केले की, चाचणीने दोष आहेत हे दाखविता येते, दोष नाहीत हे सिद्ध करता येत नाही. या शास्त्रातील हा मूलभूत विचार होय.

सगळे तपासता येत नसेल, तर नेमके काय तपासावे, हा पुढचा प्रश्न. ग्लेनफर्ड मायर्स यांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात याविषयी एक सोपे उदाहरण दिले आहे. त्रिकोणाच्या तीन बाजूंच्या लांबी घेऊन तो समभुज, समद्विभुज की विषमभुज हे सांगणारी आज्ञावली आहे. तिची चाचणी कोणकोणत्या संख्या देऊन घ्याल? ३, ४, ५ ही संख्या कोणालाही सुचतात. परंतु १, २, ३ या लांबींचा त्रिकोण होतच नाही, हे तपासले काय? त्याच संख्या ३, १, २ अशा क्रमाने दिल्या तर? एक बाजू शून्य दिली, ऋण दिली किंवा संख्येऐवजी अक्षर दिले तर? मायर्स यांनी असे १४ मुद्दे मांडले आणि अनुभवी आज्ञावलीकारांनाही त्यांपैकी सरासरी ७.८ मुद्देच सुचतात, असे नमूद केले. शाळेच्या वर्गातही सहज करून पाहता येईल असा हा प्रयोग आहे.

या विचारातून सीमारेषेवरील चाचणीची पद्धत पुढे आली. दोष बहुधा मर्यादेच्या काठावर दडलेले असतात. एखाद्या योजनेसाठी वय १८ ते ६० वर्षे असावे असा नियम असेल, तर ३५ वर्षांच्या दहा अर्जदारांची माहिती भरून पाहण्यापेक्षा १७, १८, ६० व ६१ या चार वयांची माहिती भरून पाहणे अधिक फलदायी ठरते. २९ फेब्रुवारी ही जन्मतारीख, शून्य हेक्टर क्षेत्र, एकाच गटाचे अनेक खातेदार, आडनाव नसलेली व्यक्ती, ही सर्व अशीच काठावरची उदाहरणे होत.

परिस्थिती बदलली की परीक्षाही बदलते

४ जून १९९६ रोजी युरोपचा ‘एरियान-५’ हा अग्निबाण पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाला. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेतील आज्ञावली आधीच्या ‘एरियान-४’ या अग्निबाणातून घेतलेली होती व तेथे ती व्यवस्थित चालली होती. नव्या अग्निबाणाचा आडव्या दिशेचा वेग अधिक होता. त्या वेगाशी संबंधित एक संख्या तिच्यासाठी राखून ठेवलेल्या जागेत मावली नाही आणि यंत्रणा बंद पडली. नव्या अग्निबाणाच्या प्रत्यक्ष उड्डाणमार्गानुसार या आज्ञावलीची चाचणी झालेली नव्हती. एका परिस्थितीत उत्तीर्ण झालेली आज्ञावली दुसऱ्या परिस्थितीत उत्तीर्ण होईलच असे नाही, हा या दुर्घटनेचा धडा होय.

मोबाईल ॲपच्या बाबतीत हा धडा पदोपदी आठवावा लागतो. कार्यालयातील संगणक एका जागी असतो. त्याला वीज व इंटरनेट यांचा बऱ्यापैकी भरवसा असतो. मोबाईलचे मात्र असंख्य प्रकार. पडद्याचा आकार निराळा, स्मरणक्षमता निराळी, अँड्रॉइड प्रणालीची आवृत्ती निराळी. माहिती भरता भरता मध्येच फोन येतो, बॅटरी संपते, रेंज जाते. अँड्रॉइडमध्ये मोबाईल उभ्याचा आडवा केला की समोरचा पडदा सर्वसाधारणपणे मोडून पुन्हा नव्याने उभारला जातो; अर्धवट भरलेली माहिती जपून ठेवण्याची व्यवस्था आज्ञावलीकाराने केली नसेल, तर ती त्या क्षणी नाहीशी होते. नोंद पाठविली, परंतु पोच येण्यापूर्वी रेंज गेली, म्हणून वापरणाऱ्याने पुन्हा बटण दाबले, तर एकाच पिकाच्या दोन नोंदी होतात काय, हेही पाहावे लागते. शहरातील कार्यालयात, वेगवान इंटरनेटवर, नव्या कोऱ्या मोबाईलवर घेतलेल्या चाचणीत यांपैकी पुष्कळशा गोष्टी दिसूनच येत नाहीत.

देवनागरीची परीक्षा

भारतीय भाषांमध्ये आणखी एका अडचणीची भर पडते. फेब्रुवारी २०१८ मध्ये एका तेलुगू अक्षरामुळे जगभरातील आयफोनवरील ॲप बंद पडू लागल्याचे आढळून आले. ते अक्षर होते ‘ज्ञा’, म्हणजे ‘ज्ञान’ या शब्दातील पहिले जोडाक्षर. ॲपल कंपनीने त्याच महिन्यात सुधारणा करून हा दोष दूर केला. कोट्यवधी लोक वापरत असलेल्या प्रणालीतही एक जोडाक्षर तपासणीतून निसटू शकते, हे यावरून दिसते.

मराठीतही सावध राहावे लागते. ‘ॲप’ हाच शब्द घेतला, तर त्यातील पहिले अक्षर संगणकात दोन रीतींनी साठविता येते : ‘ॲ’ हे एकच स्वतंत्र अक्षर म्हणून, किंवा ‘अ’ आणि त्यावर निराळे चिन्ह अशा जोडीने. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात. यंत्राच्या लेखी ते दोन भिन्न शब्द असतात. नावाचा शोध घेताना अशा कारणाने नोंद असूनही ती सापडत नाही असे घडू शकते. ७ हा अंक देवनागरीत लिहिला काय आणि रोमन पद्धतीने लिहिला काय, ॲपने तो सारखाच समजून घ्यावयास हवा. मराठी नावे, जोडाक्षरे व अंक यांची चाचणी म्हणूनच स्वतंत्रपणे घेतली पाहिजे.

यंत्राकडून यंत्राची तपासणी

इतक्या शक्यता माणसांनी तपासावयाच्या म्हटल्यास मनुष्यबळ अपुरे पडते. त्यामुळे चाचणीचे काम यंत्रावर सोपविण्याच्या दिशेने बरेच संशोधन झाले आहे. अँड्रॉइडसोबत ‘मंकी’ नावाचे एक साधन मिळते. माकडाच्या हाती मोबाईल द्यावा, त्याप्रमाणे ते पडद्यावर कोठेही, कसेही हजारो वेळा दाबत राहते आणि ॲप कोठे बंद पडते ते पाहते. शौविक रॉय चौधरी, अलेस्सांद्रा गोर्ला व अलेस्सांद्रो ओर्सो या संशोधकांनी २०१५ मध्ये अशा अनेक साधनांची ६८ ॲपवर तुलना केली. तेव्हा अधिक बुद्धिमान समजल्या गेलेल्या साधनांपेक्षा या ‘माकडा’नेच आज्ञावलीचा अधिक भाग तपासल्याचे दिसून आले. नव्या पद्धतीचीही निष्पक्ष परीक्षा घेतल्याशिवाय तिचे श्रेष्ठत्व मान्य करू नये, हा या अभ्यासाचा बोध होय.

पुढील वर्षी, २०१६ मध्ये, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील के माओ, मार्क हार्मन व यू जिया यांनी ‘सॅपिएन्झ’ हे साधन सादर केले. चाचण्यांच्या अनेक क्रमांतून उपयुक्त क्रम निवडावयाचे व त्यांच्यापासून नवे क्रम तयार करावयाचे, अशी त्याची रीत आहे. उत्तम वाण निवडून संकर करण्याशी तिचे साम्य आहे. गूगल प्लेवरील एक हजार लोकप्रिय ॲप या साधनाने तपासली असता, ॲप बंद पडण्याची ५५८ निरनिराळी, पूर्वी माहीत नसलेली उदाहरणे हाती आली.

आज्ञावली प्रत्यक्ष न चालविता केवळ तिच्या मजकुराचे विश्लेषण करून दोष शोधण्याची दुसरीही वाट आहे. या क्षेत्रात महाराष्ट्राचा वाटा उल्लेखनीय आहे. पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेल्या टाटा संशोधन, विकास व अभिकल्प केंद्रात आज्ञावल्यांचे विश्लेषण व पडताळणी यांवर दीर्घकाळ संशोधन झाले.

निवाडा कोणी करावयाचा?

तथापि, या साधनांची एक मोठी मर्यादा आहे. ॲप बंद पडले हे यंत्राला कळते. ॲपने चुकीचे उत्तर दिले, हे त्याला कळत नाही. सोयाबीनची नोंद तूर म्हणून जमा झाली, तर यंत्राच्या दृष्टीने सारे सुरळीत चाललेले असते. बरोबर उत्तर कोणते, हे आधी कोणाला तरी ठाऊक असावे लागते. संशोधकांच्या दृष्टीने चाचणीतील सर्वांत कठीण प्रश्नांपैकी हा एक होय.

हाँगकाँगमध्ये टी. वाय. चेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये यावर एक मार्ग सुचविला. नेमके उत्तर ठाऊक नसले, तरी दोन उत्तरांमध्ये कोणते नाते असावयास हवे हे पुष्कळदा ठाऊक असते. त्या नात्याची परीक्षा घ्यावी. उदाहरणार्थ, एका गटातील पिकांचे क्षेत्र कोणत्याही क्रमाने भरले तरी एकूण बेरीज तीच आली पाहिजे. दोन हेक्टरांची एक नोंद आणि एकेक हेक्टराच्या दोन नोंदी यांची बेरीज सारखीच निघाली पाहिजे. तसे झाले नाही, तर दोष निश्चित आहे. अशी परीक्षा घेण्यासाठी आज्ञावलीचे ज्ञान लागत नाही. कामाचे ज्ञान लागते. ते ज्ञान तलाठी, ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका, शिक्षक आणि शेतकरी यांच्यापाशी असते.

गावपातळीवर काय करता येईल?

एखादे ॲप स्वीकारण्यापूर्वी संबंधित कार्यालयाने स्वीकृती चाचणीचा आग्रह धरावा. ही चाचणी प्रत्यक्ष वापरणाऱ्यांच्या हातून, त्यांच्याच साध्या मोबाईलवर, रेंज नसलेल्या शिवारात व्हावी. प्रथम थोड्या गावांत वापर करून, आढळलेले दोष दूर झाल्यावरच व्याप्ती वाढविणे हितावह ठरते. ॲपमध्ये सुधारणा केल्यावर जुन्या सर्व चाचण्या पुन्हा घेतल्या जातात किंवा नाही, याची विचारणा करावी. कारण एक दोष दुरुस्त करताना दुसरा निर्माण होणे ही नेहमीची गोष्ट आहे. ॲप चालले नाही म्हणून कोणाचा हक्क बुडू नये, यासाठी पर्यायी नोंदीची सोयही असावी.

दोष आढळल्यास ‘ॲप चालत नाही’ एवढ्याच तक्रारीचा उपयोग होत नाही. मोबाईल कोणता, ॲपची आवृत्ती कोणती, कोणत्या क्रमाने काय दाबले, काय व्हावयास हवे होते आणि प्रत्यक्षात काय झाले, या पाच गोष्टी लिहून कळविल्यास आज्ञावलीकाराला तोच दोष पुन्हा घडवून पाहता येतो, आणि जो दोष पुन्हा घडवून पाहता येतो, त्याची दुरुस्ती बहुधा सुकर होते. शाळेतील संगणकाच्या तासाला विद्यार्थ्यांकडून अशी टिपणे लिहवून घेतली, तर काटेकोर निरीक्षणाचे उत्तम शिक्षण त्यांना मिळेल. ग्रामसभेत अशा तक्रारी एकत्र करून तालुक्याकडे पाठविल्या, तर एका गावात सापडलेल्या दोषाचा त्रास इतर गावांना होणार नाही.

चाचणीने निर्दोषतेची हमी मिळत नाही, हे खरे. परंतु जितक्या अधिक जाणत्या नजरांखालून ॲप जाईल, तितकी त्याची विश्वासार्हता वाढत जाते. बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याने भरलेली नोंद जशीच्या तशी त्याच्या सातबारावर उमटते की नाही, हे पाहण्याची जबाबदारी आज्ञावलीकाराइतकीच त्या नोंदीच्या आधारे निर्णय घेणाऱ्या प्रत्येकाची आहे.