स्वल्पविराम मोजणारी बाई

अमेरिकी लेखिका जोन डिडियन यांचं नवं पुस्तक आलं, ही बातमी एव्हाना वाचून झाली असेल. लेखिका डिसेंबर २०२१ मध्ये वारल्या आणि पुस्तक २२ एप्रिल २०२५ रोजी दुकानात आलं, एवढ्यावरूनच भानगड काय ते लक्षात यावं. मॅनहॅटनच्या घरात, लिहिण्याच्या टेबलाजवळ, एका फाइलीत टाइप केलेले कागद सापडले. मानसोपचारतज्ज्ञाकडे काय बोलणं झालं ते डिडियन घरी आल्यावर नवऱ्याला, म्हणजे लेखक जॉन ग्रेगरी डन यांना उद्देशून लिहून ठेवत. नोंदी डिसेंबर १९९९ पासूनच्या आहेत. विषय फिरून फिरून एकच : दत्तक मुलगी क्विंटाना, तिची दारू आणि आई म्हणून आपलं कुठं चुकलं. त्या फाइलीचं पुस्तक झालं, 'नोट्स टु जॉन'. ते छापायला हवं होतं का, यावर तिकडे दोन तट पडले आहेत.

या वादात सगळ्यात महत्त्वाची साक्ष खुद्द डिडियन यांचीच आहे आणि ती छापील आहे.

नोव्हेंबर १९९८ च्या 'न्यूयॉर्कर'मध्ये त्यांनी हेमिंग्वेवर एक लेख लिहिला. निमित्त हेच, मरणोत्तर प्रकाशन. हेमिंग्वे १९६१ मध्ये गेला. मागे राहिलेल्या एका हस्तलिखिताची साडेआठशे पानं निम्म्यावर आणून त्याचा मुलगा पॅट्रिक ती पुस्तकरूपानं काढणार होता. डिडियन यांनी लेखाची सुरुवात भलतीकडूनच केली. 'अ फेअरवेल टु आर्म्स'चा पहिला परिच्छेद घेतला आणि हिशेब मांडला : वाक्यं चार, शब्द १२६. त्यातले १०३ एकाक्षरी, २२ द्व्यक्षरी, तीन अक्षरांचा अवघा एक. स्वल्पविराम चार. हिशेब मांडून झाल्यावर मुद्दा. जो माणूस स्वल्पविराम कुठं द्यायचा आणि कुठं गाळायचा यासाठी जीव टाकतो, त्याचं अर्धवट लिखाण दुसऱ्यानं सारखं करून छापणं हा त्याच्या कामाचाच अवमान आहे. लेखकाला जे लोकांपुढे यावंसं वाटतं, ते तो स्वतः छापायला देतो.

हा लेख छापून वर्ष उलटतं न उलटतं तोच 'नोट्स'मधली पहिली नोंद टाइप झाली. नियतीला विनोदबुद्धी असते ती अशी.

मोजून लिहिण्याची ही खोड आली कुठून? डिडियन यांचा जन्म १९३४ चा, कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोचा. शाळकरी वयात हेमिंग्वेची वाक्यं टाइपरायटरवर उतरवून काढायची, वाक्य आतून कसं चालतं ते बोटांनी समजून घ्यायचं, हा त्यांचा रियाज. १९५६ मध्ये बर्कलीहून पदवी घेतली, त्याच वर्षी 'व्होग'ची निबंधस्पर्धा जिंकली आणि बक्षीस म्हणून न्यूयॉर्कमध्ये नोकरी मिळाली. तिथं फर्निचरच्या आणि कपड्यांच्या फोटोंखालचा मजकूर लिहायचा, तोही ठरलेल्या जागेत चपखल बसणारा. वरिष्ठ संपादक अलीन टाल्मी पेन्सिल घेऊन बसलेल्या. १९६१ मध्ये 'व्होग'नं स्वाभिमानावरच्या एका लेखाची जाहिरात मुखपृष्ठावर करून टाकली आणि लेख देणारा देईना. डिडियन यांनी अक्षरं मोजून तो पानात बसवला. आज इंग्रजी निबंधांच्या संग्रहांत मानानं बसलेला 'ऑन सेल्फ-रिस्पेक्ट' तो हा.

पुढचा आलेख बहुतेकांना ठाऊक आहे. १९६३ मध्ये पहिली कादंबरी 'रन, रिव्हर', १९६४ मध्ये लग्न, मग लॉस एंजेलिस. नवरा-बायको दोघंही लेखक, एकमेकांचे पहिले वाचक, पटकथाही जोडीनं लिहिणारे. अल पॅचिनोचा १९७१ चा चित्रपट 'द पॅनिक इन नीडल पार्क' त्यांचाच. कादंबऱ्या एकूण पाच. त्यांतली 'प्ले इट अ‍ॅज इट लेज' (१९७०) अजून टोचते. लास व्हेगासच्या कसिनोमध्ये मध्यरात्रीनंतर एक तरुण नटी फोन घ्यायला चालत जाताना त्यांना दिसली होती. तेवढ्या दृश्यावर अख्खी कादंबरी उभी राहिली. काही प्रकरणं तर पानभरही नाहीत, बाकी कोरी जागा. लिहीत असलेलं पुस्तक रोज पहिल्या पानापासून पुन्हा टाइप करायचं, अशी त्यांची पद्धत होती. कोरी जागाही अशीच घासूनपुसून आलेली.

मात्र 'बिचाऱ्या लेखिकेचं खासगी जग उघड्यावर आणलं' असा गळाही मला काढायचा नाही. कारण दुसऱ्याचं खासगी जग उघडं करण्यात डिडियन कुणाला हार जाणाऱ्या नव्हत्या. १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट-अ‍ॅशबरीत, हिप्पींच्या मोहोल्ल्यात, त्यांनी एलएसडी दिलेली पाच वर्षांची मुलगी पाहिली आणि 'स्लाउचिंग टुवर्ड्स बेथलेहेम'मध्ये घातली. पन्नास वर्षांनी, पुतण्या ग्रिफिन डन याच्या माहितीपटात, त्याबद्दल विचारल्यावर थोडं थांबून त्यांनी जे उत्तर दिलं त्याचा आशय असा, की बातमीदाराला असा क्षण मिळणं म्हणजे सोनं. ऐकताना अंगावर काटा येतो. पण ढोंग नाही.

स्वतःलाही त्यांनी सोडलं नाही. १९६९ मध्ये 'लाइफ'च्या सदरात त्यांनी उघड लिहिलं, की घटस्फोट घेण्याऐवजी आम्ही दोघं होनोलुलूला आलो आहोत. त्या मजकुरावर संपादनाचा हात फिरवला तो खुद्द नवऱ्यानं! 'द व्हाइट अल्बम' (१९७९) मध्ये तर त्यांनी आपला मनोरुग्ण म्हणून झालेला तपासणी अहवालच छापून टाकला. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञाच्या खोलीतलं जगाला कळलं, एवढ्यानं काही बिघडत नाही. दार कुणी उघडलं, हा प्रश्न आहे.

आणि दार कसं उघडतात हे पाहायचं असेल तर 'द इयर ऑफ मॅजिकल थिंकिंग' काढावं. ३० डिसेंबर २००३ च्या रात्री, अतिदक्षता विभागातल्या क्विंटानाला पाहून दोघं घरी परतले आणि जेवायच्या टेबलावरच डन कोसळले. डिडियन यांनी त्या रात्रीचा तपास एखाद्या बातमीदारासारखा केला. इमारतीच्या दरवानांची वही मिळवली. ९ वाजून २० मिनिटांनी रुग्णवाहिकेचे लोक आले, १० वाजून ५ मिनिटांनी निघाले. त्याच वहीत, लिफ्टमधला दिवा गेल्याचीही नोंद. नवरा गेला त्या रात्री लिफ्टमधला दिवाही गेला होता, एवढं सांगून पुस्तक पुढं जातं. आपण थबकतो. दुसरीकडे याच बाई नवऱ्याचे बूट कुणाला देऊ शकत नाहीत, कारण परत आल्यावर त्याला लागतील. वही आणि बूट शेजारी ठेवण्यातच या पुस्तकाची सगळी ताकद आहे. २००४ च्या ऑक्टोबरात सुरू केलेलं पुस्तक त्यांनी ३१ डिसेंबरला संपवलं. ते बाजारात येण्याआधीच, ऑगस्ट २००५ मध्ये, क्विंटानाही गेली. वय ३९. नोव्हेंबरात पुस्तकाला नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं.

मुलीवरचं 'ब्लू नाइट्स' यायला २०११ उजाडलं. तोवर 'नोट्स'ची फाइल घरातच होती. म्हणजे सगळा कच्चा माल हाताशी असताना त्यांनी मुलीच्या दारूचा निसटता उल्लेख केला आणि बाकीचं गाळलं. गाळणं हाच निर्णय होता. 'नोट्स'मध्ये तो निर्णय कुठंच नाही. आज डॉक्टर हे म्हणाले, मी ते म्हणाले, पुढची वेळ अमुक वारी. बैठकीच्या इतिवृत्तासारखा मजकूर. माहिती भरपूर, पण स्वल्पविराम मोजणारी बाई पानावर नाही.

छापणाऱ्यांच्या बाजूनं एक मुद्दा वजनदार आहे : नको होतं तर जाळायचं होतं. हेमिंग्वेवर तसा लेख लिहिणाऱ्या बाईंना मागे राहिलेल्या कागदांचं काय होतं हे पक्कं माहीत होतं. शिवाय डिडियन आणि डन यांचे कागद २०२३ मध्ये न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीनं घेतले आणि मार्च २०२५ पासून ते अभ्यासकांना खुलेही झाले. अभ्यासकानं खोका मागवावा, वाचावं, संदर्भ द्यावा. तिथं ते कागद कागदच राहतात. कठीण बांधणीत, वेष्टणावर 'जोन डिडियन' छापून विकले, की ते त्यांचं पुस्तक ठरतं. तसं ते नाही. २०२२ च्या लिलावात त्यांचा गॉगल २७ हजार डॉलरला गेला. 'नोट्स टु जॉन' ही त्याच दुकानातली पुढची वस्तू आहे.

तेव्हा ज्यांनी डिडियन अजून वाचल्या नाहीत, त्यांनी या पुस्तकापासून सुरुवात करू नये. आधी 'मॅजिकल थिंकिंग', मग 'स्लाउचिंग', मग 'प्ले इट'. एवढं झाल्यावरही 'नोट्स' वाचावंसं वाटलं तर खुशाल वाचा; फक्त हे पुस्तक डिडियन यांनी छापायला दिलेलं नाही, हे लक्षात असू द्या.