कमरेचा एक फोटो

ट्रॅक्टरखाली सापडलेला किंवा माडावरून पडलेला माणूस ग्रामीण रुग्णालयात येतो, तेव्हा सीटी स्कॅन बहुधा जिल्ह्याच्या गावी असतो. हाताशी असतं ते एक्स-रे मशीन. त्यावर निघालेला ‘कमरेचा फोटो’ बरंच काही सांगतो, पण तो क्रमाने वाचावा लागतो.

आधी हाडांची रचना पाहू. ओटीपोटाभोवती हाडांचं एक कडं असतं. दोन बाजूंना दोन रुंद हाडं, मागे त्यांच्यामध्ये पाचरीसारखं बसलेलं त्रिकास्थी आणि पुढे दोन जघनास्थींचा सांधा. काचेची बांगडी दाबली तर सहसा एकाच जागी तुटत नाही, तसंच या कड्याचं. पुढे मोड दिसली की मागे दुसरी मोड किंवा निखळलेला सांधा शोधायचा. कड्याच्या मागच्या भागाला शिरांचं जाळं लगटून असतं. ते फाटलं तर बाहेर थेंबही न दिसता आत काही लिटर रक्त साठू शकतं. म्हणून रक्तदाब घसरलेला असेल, तर फोटोची वाट न पाहता आधी कंबर चादरीने आवळून बांधतात.

फोटो काढताना रुग्ण पाठीवर सरळ, कॅसेट खाली, किरण समोरून. एरवी या फोटोसाठी पावलं थोडी आत वळवतात. मोडीची शंका असताना पाय जबरदस्तीने फिरवायचे नाहीत. कंबर दाबून किंवा हलवूनही पाहायचं नाही, कारण नुकती धरलेली रक्ताची गुठळी सुटू शकते. फिल्मवर दोन्ही बाजूंची हाडं आणि दोन्ही खुबे पूर्ण यायला हवेत. माकडहाडाचं टोक पुढच्या सांध्याच्या रेषेत नसेल, तर फोटो बहुधा तिरका आला आहे आणि डाव्या-उजव्या बाजूंची तुलना फसवी ठरेल.

वाचताना आधी मोठ्या कड्याच्या कडेवरून बोट फिरवावं: रेषा कुठे तुटते, कुठे पायरी पडते? मग खालची दोन लहान कडी एकमेकांशी ताडून पाहावीत. त्यानंतर पुढचा सांधा. प्रौढांमध्ये ही फट साधारण ५ मिलिमीटरपर्यंत असते. ती १ सेंटिमीटरहून रुंद झाली, तर सांधा उसवला असं समजावं, २.५ सेंटिमीटरच्या पुढे गेली, तर मागचे काही अस्थिबंधही तुटले असण्याची शक्यता मोठी. मग मागचे दोन सांधे आणि त्रिकास्थीतल्या छिद्रांच्या कमानी दोन्हीकडे सारख्या आहेत का, हे पाहावं. कमरेच्या पाचव्या मणक्याचा आडवा काटा हमखास नजरेतून सुटतो. तो मोडलेला दिसला, तर कड्याच्या मागच्या भागाला मार बसल्याची शंका धरावी. शेवटी खुब्याच्या वाट्या.

मार कुठून बसला, तेही आकृतीवरून कळतं. पुढून-मागून दाब आला तर कडं पुस्तकासारखं उघडतं, बाजूने धडक बसली तर आत दबतं, आणि उंचावरून पायांवर पडलेल्याची एक बाजू वर सरकलेली दिसते. रुग्ण स्थिर असेल तर त्याला न हलवता, फक्त ट्यूब सुमारे ४० अंश कलवून आणखी दोन फोटो निघतात. किरण डोक्याकडून पायांकडे तिरके सोडले, तर कडं वरून पाहिल्यासारखं दिसतं आणि हाड पुढे-मागे सरकल्याचं कळतं. पायांकडून डोक्याकडे सोडले, तर त्रिकास्थी समोर येतं आणि वर-खाली झालेला फरक दिसतो.

या फोटोला मर्यादा आहेत. आतड्यांतल्या वायूच्या सावलीत त्रिकास्थीची बारीक मोड लपते. घरात घसरून पडलेल्या आजींच्या फोटोत पुढची मोड दिसली आणि दुखणं मात्र पाठीमागे असलं, तर मागेही मोड असू शकते, मग ती फोटोत दिसो वा न दिसो. वेदना कायम असताना ‘फोटो नॉर्मल’ हा शेवटचा शब्द नव्हे.

फोटोत कडं उघडलेलं असेल, तर रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलवायचं. चादर पोटावर नव्हे, मांडीच्या हाडाचा बाहेरून हाताला लागणारा उंचवटा असतो त्या पातळीवर बांधायची, गुडघे एकत्र बांधायचे, शक्य असेल तर रक्त सुरू करायचं आणि १०८ बोलवायची. लघवीच्या मार्गातून रक्त येत असेल, तर नळी घालायचा प्रयत्न करायचा नाही. फिल्म रुग्णासोबत द्यायची आणि चिठ्ठीवर एक ओळ नक्की लिहायची: चादर फोटोआधी बांधली की नंतर. कारण आवळून बांधल्यावर उघडलेलं कडं मिटतं, आणि पुढच्या डॉक्टरला फोटोत ते धडधाकट वाटू शकतं.