बियाण्याचें कूळ कशांत असतें ?

खपलीचें बीं पेरिलें असतां खपलीच उगवते, हा आमच्या शेतकरी बांधवांचा नित्याचा अनुभव आहे. परंतु मातीआड गेलेला एवढासा दाणा आपलें कूळ विसरत कसा नाहीं, याचें उत्तर डी. एन. ए. नामक द्रव्याच्या घडणींत आहे.

हें द्रव्य वनस्पतीच्या पेशीपेशींत असतें. त्याची रचना पीळ दिलेल्या शिडीसारखी आहे, असें वॉटसन व क्रिक या शास्त्रज्ञांनीं १९५३ सालीं दाखविलें. रोझालिंड फ्रँकलिन या विदुषीच्या क्ष-किरण चित्रांचा त्यांस मोठा आधार झाला. शिडीचे दोन्ही उभे दांडे साखर व फॉस्फेट यांचे असून पायऱ्या ॲडेनीन, थायमीन, ग्वानीन व सायटोसीन या चार घटकांच्या जोड्यांनीं बनतात. यांस आपण अक्षरें म्हणूं. ॲडेनीनची जोडी थायमीनशीं व ग्वानीनची सायटोसीनशींच जमते. म्हणून पेशी दुभंगण्यापूर्वीं शिडी उभी उसवली, तरी प्रत्येक अर्ध्यावरून दुसरें अर्धें हुबेहूब बांधलें जातें.

नक्कल होतांना क्वचित् एखादें अक्षर बदलतें व तो बदल वंशांत उतरतो. आपले जुने उंच गहूं भारी खत दिलें कीं लोळत. जपानांतील नोरिन १० या गव्हांत खुजेपणाचे दोन गुण होते; त्यांपैकीं एकाचें मूळ सायटोसीनच्या जागीं थायमीन आलें, एवढ्यांतच आहे. त्या एका अक्षरानें वाढीस आवर घालणारें प्रथिन अपुरें बनतें व तें वाढीच्या रसास दाद देत नाहीं. १९६६ सालीं मेक्सिकोहून आणविलेलें सुमारें १८,००० टन बीं याच खुज्या घराण्यांतील होतें. आम्ही हें कर्वेनगरांतून, म्हणजे जुन्या हिंगण्याहून, लिहीत आहों. येथून जवळच असलेल्या, १९४६ सालीं स्थापन झालेल्या आघारकर संशोधन संस्थेनें काढलेला एमएसीएस ६२२२ हा गहूंही आखूड ताटांचाच आहे.

गव्हाचें फूल बहुधा स्वतःच्याच परागानें फळतें. तेव्हां चांगल्या वाणाचें बीं घरीं राखण्यास हरकत नाहीं. मात्र पीक निसवतांना वेगळीं दिसणारीं ताटें उपटून टाकावींत व खळ्यांत भेसळ होऊं देऊं नये. संकरित बाजरीचें बीं राखूं नये. तींत दोन भिन्न कुळांचीं अक्षरें असल्यामुळें पुढील पिढींत तीं विभागलीं जाऊन पीक एकसारखें येत नाहीं.