माया लोकांच्या देशातील पाताळविहिरी

मेक्सिको देशाच्या आग्नेय टोकाला युकातान नावाचा एक द्वीपकल्प आहे. त्याच्या उत्तर भागात नदी नाही, ओढा नाही, नालाही नाही. तरीही माया लोकांनी तेथे मक्याची शेती केली, नगरे वसवली, दगडी मंदिरे उभारली आणि आकाशातील ग्रहांचे अचूक गणित मांडले. पाण्यावाचून हे कसे झाले असेल, असा प्रश्न कोणाही शेतकऱ्याच्या मुलाला पडेल. त्याचे उत्तर जमिनीच्या पोटात आहे.

कामगार चळवळीतल्या माणसाने बोनस आणि महागाईभत्ता सोडून या पाताळावर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे सार्वजनिक वाचनालयात झाले. तेथे प्रवासवर्णने वाचण्याची सवय लागली ती अजून सुटलेली नाही. अलीकडे एकट्याने हिंडणाऱ्या प्रवाशांच्या लिखाणात युकातानचे नाव वारंवार भेटते. पाठीवर पिशवी टाकलेला हा प्रवासी दिवसा पाण्याखालच्या गुहांत उतरतो आणि रात्री एखाद्या लहान गावात मुक्काम करतो. त्याच्या सांगण्यात ‘मी एकटा’ हा डौल फार असतो. या एकट्याला तळापर्यंत नेऊन सुखरूप वर आणण्यासाठी किती माणसे लागतात, हे मोजून पाहावे अशी आम्हांस इच्छा झाली.

प्रथम जमीन समजून घेऊ. युकातान म्हणजे चुनखडकाची एक विस्तीर्ण, सपाट लादी. पाऊस चांगला पडतो, पण वाहून न जाता भेगांतून थेट खाली मुरतो. हवेतला आणि मातीतला कर्बवायू मिसळल्याने पावसाचे पाणी किंचित आंबट होते, व आंबट पाण्यात चुनखडक हळूहळू विरघळतो. दुसरीकडे समुद्राचे खारे पाणी खडकाखालून आत शिरलेले असते. गोडे पाणी हलके, म्हणून ते खाऱ्यावर तरंगते. दोन्ही पाणी जेथे मिसळतात तेथे खडक विशेष झिजतो आणि लांबच लांब भुयारे तयार होतात. भुयाराचे छत कोसळले की वर आभाळाला तोंड उघडते. अशा तोंडाला माया भाषेत ‘त्सोनोत’ म्हणतात; स्पॅनिश जिभेने त्याचे ‘सेनोते’ केले. आपल्या बारवेला माणसाने बांधलेल्या पायऱ्या असतात आणि डोह नदीत असतो. म्हणून आम्ही याला पाताळविहीर म्हणतो.

या विहिरींपैकी शेकडो विहिरी एका भल्या मोठ्या अर्धवर्तुळावर ओळीने आहेत, आणि त्याचे कारण आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार पाहिलेल्यांना चटकन कळेल. लोणारचे विवर आकाशातून पडलेल्या पाषाणाने झाले. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. युकातानात सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी असाच आघात झाला, पण विवराचा व्यास जवळजवळ १८० किलोमीटर, म्हणजे लोणारच्या शंभरपट. प्रचंड सरड्यांचे युग त्याने संपवले, असे आज शास्त्रज्ञ मानतात. तो खळगा पुढे चुनखडकाखाली गाडला गेला. वर राहिली ती त्याच्या काठाची खूण, म्हणजे ही विहिरींची माळ. त्याच सुमारास इकडे लाव्हारसाच्या थरांवर थर साचून आपल्या दख्खनचा काळा दगड घडत होता. पायाखालच्या दगडाने जुळवलेले हे नाते फारसे कोणी सांगत नाही, म्हणून आम्ही सांगून ठेवतो.

पूर्व किनाऱ्यावर, तुलूम गावाच्या आसपास, निराळा प्रकार आहे. तेथे खोल विहिरींपेक्षा आडव्या भुयारांचे जाळे मोठे. हिमयुगात समुद्राची पातळी शंभर मीटरांहून अधिक खाली होती, तेव्हा ही भुयारे कोरडी होती. छतातून ठिबकणाऱ्या पाण्याने हजारो वर्षांत चुन्याची झुंबरे व खांब घडवले. हिम वितळले, समुद्र वर आला आणि हा सारा दरबार जसाच्या तसा पाण्यात बुडाला. २०१८ च्या जानेवारीत पाणबुड्यांनी ‘साक आक्तुन’ व ‘दोस ओहोस’ ही दोन जाळी पाण्याखालून एकमेकांस जोडलेली असल्याचे सिद्ध केले, तेव्हा त्यांची एकत्र लांबी ३४७ किलोमीटर भरली. तीही माणसांनी हात-हात दोरी सोडीत मोजलेली.

आता या भुयारात उतरणे म्हणजे काय ते पाहू. उघड्या समुद्रात पाणबुड्यावर संकट आले तर तो वर येऊ शकतो. गुहेत डोक्यावर खडक असतो. ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने बाहेर यावे लागते, मग ती वाट पाचशे मीटरांची का असेना. तळाशी पिठासारखा मऊ गाळ असतो. पाय चुकीचा हलला की तो उसळतो आणि हातावरचे घड्याळसुद्धा दिसेनासे होते. म्हणून जेथवर दिवसाचा उजेड पोहोचतो तेथवरच साध्या पाणबुड्याला वाटाड्याबरोबर नेतात, एका वाटाड्यामागे चारांपेक्षा अधिक माणसे नाहीत. त्यापुढे मृत्यूचे चित्र रंगवलेली पाटी असते. वेगळे शिक्षण घेतल्याशिवाय तिच्या पलीकडे जायचे नसते.

पाटीपलीकडचे नियम थोडे आहेत, पण ते कोणा पंडिताने खोलीत बसून केलेले नाहीत. अमेरिकेतील फ्लॉरिडा प्रांतात अशाच गुहांत १९६० नंतरच्या काळात शेकडो माणसे बुडून मेली. शेक एक्सली नावाच्या पाणबुड्याने त्या मृत्यूंचा अभ्यास केला आणि कोण कशाने मेले याची छाननी करून १९७९ साली एक लहान पुस्तक काढले. दोरी नव्हती म्हणून कोणी मेले, हवा पुरवून वापरली नाही म्हणून कोणी, फार खोल गेले म्हणून कोणी. प्रत्येक कारणासमोर एक नियम आला. बाहेरच्या उघड्या पाण्यापासून आतपर्यंत अखंड दोरी हवी. प्रत्येकाजवळ तीन विजेऱ्या हव्यात. आणि हवेचे तीन वाटे करायचे. टाकीत २१० बार दाबाची हवा असेल तर ७० वापरून होताच मागे वळायचे, ७० परतीसाठी, आणि उरलेल्या ७० ला हात लावायचा नाही. तो वाटा सोबत्यासाठी असतो. अगदी आतल्या टोकाला एकाची टाकी निकामी झाली तर दोघे एकाच्या हवेवर बाहेर यावेत, असा त्याचा हिशोब आहे. हा एक्सली १९९४ मध्ये मेक्सिकोच्याच उत्तरेकडील साकातोन नावाच्या अथांग विहिरीत, खोलीचा उच्चांक करण्याच्या प्रयत्नात बुडाला. त्याचे नियम मात्र माया मुलखातल्या प्रत्येक गुहेत आजही पाळले जातात.

हे वाचताना आम्हांला आपला १९४८ चा कारखाने कायदा आठवला. त्याच्या ३६ व्या कलमात असे होते की विषारी वायूची शंका असलेल्या टाकीत किंवा भुयारात माणूस उतरवायचा तर त्याच्या कमरेला पट्टा व दोर हवा, आणि दोराचे दुसरे टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात हवे. कलम किती सुंदर! एका कारखान्यात आमच्या एका सभासदाने बाहेर माणूस नाही म्हणून टाकीत उतरण्यास नकार दिला, तर त्याला मेमो मिळाला. तो मागे घ्यायला लावण्यात आमचे चार महिने गेले. गुहेतल्या पाणबुड्यांमध्ये रिवाज असा की तिघांपैकी सर्वांत नवख्याने अंगठा वर केला, म्हणजे बाहेर पडण्याची खूण केली, की सर्वांनी निमूट फिरायचे. कारण विचारायचे नाही, नंतर टोमणा मारायचा नाही. असा रिवाज आमच्या कारखान्यांत असता तर कित्येक घरांतले कर्ते पुरुष आज जेवायच्या ताटावर दिसले असते.

गुहेत एकट्याने जाणारे काही महाभाग आहेत, पण बहुतेक शिक्षक तसे करू देत नाहीत. म्हणजे आमचा एकटा प्रवासी तुलूमला उतरला की प्रथम सोबती शोधतो. टाक्या कोणीतरी भरलेल्या असतात. त्या जड टाक्या जंगलातल्या वाटेने काठापर्यंत कोणीतरी उचलून आणतो. पायऱ्यांची लाकडे जमीनमालकाने किंवा गावाने ठोकलेली असतात. आतली दोरी वर्षांपूर्वी येऊन गेलेल्या अनोळखी माणसाने बांधलेली असते, आणि तिच्यावर ठराविक अंतरावर बाहेरची दिशा दाखवणारे त्रिकोणी बाण अडकवलेले असतात. अंधारात डोळ्यांनी दिसले नाहीत तरी बोटांनी चाचपून कळावेत असा त्यांचा आकार आहे.

आत काय दिसते? गोडे आणि खारे पाणी भेटते तेथे, तापलेल्या तव्यावरची हवा हलावी तसे सारे थरथरते आणि नजर विरघळते. काही हात खाली गेले की पुन्हा काचेसारखे स्वच्छ. ‘आंखेलिता’ नावाच्या विहिरीत सुमारे तीस मीटर खोलीवर सडक्या पानांतून निघालेल्या वायूचा पांढुरका ढग पसरलेला असतो व त्यातून झाडांच्या फांद्या वर आलेल्या दिसतात. २००७ मध्ये तीन पाणबुड्यांना ‘ओयो नेग्रो’, म्हणजे काळा खड्डा, सापडला. त्यात लोप पावलेल्या हत्तीसारख्या प्राण्यांची हाडे होती, आणि पंधरा-सोळा वर्षांच्या एका मुलीचा सांगाडा. ती बारा-तेरा हजार वर्षांपूर्वी, भुयार कोरडे असताना, बहुधा पाण्याच्या शोधात आत शिरली आणि अंधारात कड्यावरून पडली. संशोधकांनी तिचे नाव नाइया ठेवले. तिच्याजवळ दोरी नव्हती.

माया लोकांना या विहिरी पवित्र. पर्जन्यदेव चाक याचे तेथे वास्तव्य, आणि पावसासाठी आजही खेड्यांत चाकची पूजा होते. तिच्यासाठी गुहेतले न विटाळलेले पाणी आणतात. चिचेन इत्सा येथील मोठ्या विहिरीत जुन्या काळी सोन्या-जेडच्या वस्तू आणि माणसेही अर्पण केली जात. एडवर्ड थॉम्सन या अमेरिकी वकिलातीतील अधिकाऱ्याने १९०४ पासून मजुरांनी फिरवलेल्या यारीने तिचा गाळ उपसला, पुढे पाणबुड्याचा पोशाख चढवून स्वतःही उतरला, आणि सापडलेले धन हार्वर्डच्या संग्रहालयात धाडले. त्यातले थोडे परत आले. यारी फिरवणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

संध्याकाळी प्रवासी गावात येतो. तेथील घरांच्या भिंतींत झुला टांगायच्या कड्या असतात. खाट नसली तरी चालते, झुला हवाच. जेवणात मक्याची पोळी, आंबट नारिंगाच्या रसात मुरवलेले मांस आणि जिभेला चटका देणारी अबानेरो मिरची. म्हातारी माणसे आपापसांत माया बोलतात. २०२० च्या शिरगणतीत ही भाषा बोलणारे पावणेआठ लाख भरले. मेक्सिकोच्या मक्याचा विषय निघाला की वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे आठवल्याशिवाय राहत नाहीत. देशासाठी परागंदा झालेल्या या मराठी क्रांतिकारकाने चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवले व तेथे मक्यावर संशोधन केले. पण ते राहिले राजधानीजवळ. युकातानची कथा वेगळी.

ती कथा घायपाताची आहे. घायपाताचाच भाऊबंद हेनेकेन येथे पिके, त्याच्या वाखाची सुतळी अमेरिकेत गव्हाच्या पेंढ्या बांधायला जाई, आणि मेरिदा शहरात मळेवाल्यांचे संगमरवरी वाडे उठत. मळ्यांवर माया कुळे कर्जाने बांधलेली होती. बापाचे कर्ज मुलाच्या डोक्यावर. उत्तरेतून याकी जमातीचे लोक हद्दपार करून तेथे आणून मारले. १९१५ मध्ये साल्वादोर आल्वारादो या गव्हर्नराने ही कर्जगुलामी मोडीत काढली. पुढे फेलिपे कारियो पुएर्तो याने गावोगाव ‘प्रतिकार संघ’ उभारले आणि १९२२ मध्ये गव्हर्नर होताच माया भाषेत भाषण केले. ३ जानेवारी १९२४ रोजी बंडखोर सैनिकांनी त्याला तीन भावांसह मेरिदात गोळ्या घातल्या. आज किनाऱ्याच्या आतल्या बाजूचे एक गाव त्याच्याच नावाने ओळखले जाते. १९३७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्देनास यांनी मळ्यांच्या जमिनी गावांच्या सामाईक मालकीच्या केल्या, पण तोवर वाखाचे दिवस भरत आले होते. शेवटी कृत्रिम धाग्याने त्याला मारले. आणि गुहेतली ती जीवरक्षक दोरी? ती नायलॉनची.

कुसामा गावाकडे वाख वाहण्याच्या अरुंद रुळांवरून आता घोडा जोडलेले डबे प्रवाशांना विहिरींकडे नेतात. शेजारच्या ओमून गावात हे काम मोटोटॅक्सीवाले करतात. मोटारसायकलीला बसायची बैठक जोडलेली ही गाडी. सकाळी प्रवासी आला की चालक त्याला चार-पाच विहिरी दाखवतो, आणि प्रत्येक विहिरीच्या मालक कुटुंबाला प्रवेशाचे पैसे मिळतात. या गावाचे पोट पाण्यावर आहे. तेथे ४९,००० डुकरांचे कारखानावजा गोठे बांधण्याचे ठरले. विहिरींच्या माळेचा हा पट्टा सरकारने २०१३ मध्येच राखीव जाहीर केला होता, तरी परवाने मिळाले. ओमूनच्या लोकांनी २०१७ च्या ऑक्टोबरात स्वतःच गावाचे मत घेतले. कौल मोठ्या बहुमताने विरुद्ध गेला. मग गावच्या मुलांच्या नावाने न्यायालयात दाद मागितली. २०१८ मध्ये कामाला स्थगिती मिळाली आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. गोठ्यात काम मिळाले असते असे म्हणणारेही गावात होते. रोजगाराची गरज आम्ही कधी हिणवणार नाही. पण खडक जेथे चाळणीसारखा आहे तेथे एका ठिकाणी सोडलेले सांडपाणी गावच्या साऱ्या विहिरींत उतरते, आणि मोटोटॅक्सीवाल्यांचा रोजगार त्याच विहिरींत होता.

पूर्वेकडे निकाल तसा लागला नाही. नव्या ‘माया रेल्वे’चा कानकून ते तुलूम हा मार्ग २०२२ मध्ये किनाऱ्यावरून जंगलात हलवला गेला आणि पूल पेलण्यासाठी पोलादी खांब भुयारांच्या छतांतून खाली ठोकले गेले. काही ठिकाणी काँक्रीट पाण्यात सांडले. हे उजेडात आणले ते आत पोहून चित्रे काढणाऱ्या पाणबुड्यांनी. गाड्या आज धावतात. खांब गुहेत उभे आहेत.

कोणी जाणार असेल तर एवढे लक्षात ठेवावे. गुहेतले पाणी बाराही महिने सुमारे २५ अंशांचे असते, म्हणून ऋतू पाहण्याचे कारण नाही. फक्त जून ते ऑक्टोबर वर पाऊस असतो. ओमूनला मोटोटॅक्सीचे भाडे आधी ठरवावे व घासाघीस फार करू नये. पाण्यात शिरण्यापूर्वी काठावरच्या नळाखाली उभे राहून अंगाला चोपडलेले उन्हाचे मलम धुऊन टाकावे लागते.