पीठ, पाणी आणि बाकी काही नाही

कॅथलिक चर्चमध्ये पवित्र मिस्सेच्या वेळी भाविकांना जी पातळ, गोल चकती मिळते, तिच्यात दोनच जिन्नस असतात: गव्हाचे पीठ आणि पाणी. मीठ नाही, साखर नाही, तेल-तूप नाही आणि खमीर तर नाहीच. भाकर निव्वळ गव्हाची आणि ताजी असावी, असे चर्चच्या कायद्याचे 924 वे कलम सांगते. लॅटिन परंपरेत ती बेखमीरच लागते. वसईपासून रोमपर्यंत हाच नियम.

अमेरिकेत मिझुरी राज्यातल्या क्लाइड इथल्या मठात बेनेडिक्टाइन धर्मभगिनी 1910 पासून ही भाकर बनवत आहेत. पीठ सरसरीत भिजवून ते दोन तापलेल्या पाट्यांमध्ये दाबून भाजतात. पाण्याची वाफ निघून जाते आणि पापडासारखा पातळ ताव हाती येतो. पाटीवर क्रूस कोरलेला असेल तर तोही त्यावर उमटतो. हा ताव इतका कडक असतो की लगेच कापला तर त्याचे तुकडे होतील. म्हणून तो आधी दमट हवेत ठेवून नरम करायचा, मग चकत्या पाडायच्या आणि फुटक्या निवडून काढायच्या. भाविकांची चकती साधारण 3 सेंटिमीटरची, धर्मगुरूंची 7 सेंटिमीटरची. चुरा पडू नये याला फार जपतात, कारण कॅथलिक श्रद्धेनुसार मिस्सेत अर्पण झालेल्या भाकरीच्या कणातही ख्रिस्त असतो.

खरी कसोटी लागली ती सिलिॲक रुग्णांसाठी. गव्हातले ग्लुटेन त्यांना बाधते आणि तांदळाची भाकर चर्चला चालत नाही. त्यांना नुसता द्राक्षारस घेण्याची मुभा होती, पण भाकरीला मुकावे लागे. मठातल्या सिस्टर जेन हेशमायर आणि सिस्टर लिन डिसूझा यांनी बहुतेक ग्लुटेन काढलेल्या गव्हाच्या स्टार्चवर वर्षानुवर्षे प्रयोग केले. पीठ बांधून ठेवते ते ग्लुटेनच. तेच काढल्यावर भिजवलेले पीठ धड जमेना. अखेर जी चकती साधली, तिच्यात ग्लुटेन जेमतेम 0.01 टक्का होते. भाकर होण्यापुरते ग्लुटेन असेल तर ती ग्राह्य, असे व्हॅटिकनने 2003 मध्ये स्पष्ट केले होते. 2017 मध्येही तेच पुन्हा सांगितले.

नियमाला धक्का न लावता पंगतीतून उठवलेल्यांना पुन्हा पानावर बसवणे, ही या भगिनींची कमाई आहे. दोनच जिन्नसांच्या या कामात कौशल्याइतकीच माणसांबद्दलची कळकळ लागते, हे त्यांनी दाखवून दिले.