दवंडी पिटण्यापूर्वी

समर्थ रामदासांनी 'दासबोधा'त आपली स्तुती आपणच करणाऱ्याची गणना मूर्खांत केली आहे, आणि हे ऐकतच आमची पिढी लहानाची मोठी झाली. त्यामुळे गेल्या पावसाळ्यात एक जुनी विद्यार्थिनी घरी आली आणि "सर, माझ्याविषयी चार ओळी लिहून द्या ना, इन्स्टाग्रामवर टाकायच्या आहेत," असे म्हणाली, तेव्हा मी मनातून जरा खट्टूच झालो.

मुलगी इंदूरच्याच मराठी घरातली. फॅशन डिझायनिंगचा अभ्यासक्रम पुरा करून ती महेश्वरी कापडाची जाकिटे शिवून घेते. सीतलामाता बाजारात दुकान घेण्याची ऐपत नाही. तेव्हा मोबाइलचा तो वीतभर पडदा हाच तिचा गाळा. तिने स्वतः लिहिलेला मजकूर मी वाचला. 'अद्वितीय', 'स्वप्नवत', 'राजेशाही' अशा विशेषणांची त्यात आरास होती. मी विचारले, "हे कापड विणले कोणी?" आणि मग ती दहा मिनिटे थांबली नाही. महेश्वरच्या ज्या विणकराकडून ती कापड आणते त्याचा माग, उभा धागा रेशमाचा आणि आडवा सुताचा, म्हणून ते अंगावर हलके बसते. काठावरची 'लहर' नर्मदेच्या पाण्याची, तर 'ईंट' किल्ल्याच्या भिंतीतली. अहिल्याबाईंनी वसवलेल्या विणकरांपासून चालत आलेली ही नक्षी. मी म्हटले, "बाळ, हेच लिही. विशेषणे पुसून टाक."

लिहिता लिहिता माझीच अढी सुटली. राजा रविवर्म्याने 1894 साली मुंबईत छापखाना काढून आपली चित्रे घरोघर नेली. बडोद्याच्या राजवाड्यात त्याची तैलचित्रे आहेत ती मोजक्यांनी पाहिली. माझ्या आजोळच्या देवघरातली लक्ष्मी मात्र त्याच्या छापील चित्रातलीच होती. त्या काळाचे यंत्र त्याने वापरले, या काळाचे ही मुलगी वापरते. त्याला आत्मस्तुती म्हणावे असे मला आता वाटत नाही.

परंतु खरी कथा पुढेच आहे. तिने एक जाकीट केले होते. साडीचा रुंद काठ पाठीवर तिरपा फिरवून तो खांद्यावरून पुढे आणलेला. पाहताच नजर ठरावी असे ते होते. छायाचित्र झळकले, शेकडोंनी वाखाणले. दिवाळीच्या सुमारास गावातल्याच एका दुकानात तोच काठ, तोच तिरपेपणा, यंत्रमागाच्या कापडावर, निम्म्या किमतीत टांगलेला तिने पाहिला. रडवेली होऊन ती माझ्याकडे आली. "सर, आता काही दाखवायचेच नाही."

माझा एक विद्यार्थी वकील आहे. त्याच्याकडे गेलो तेव्हा जे कळले ते प्रत्येक होतकरू मुलामुलीने ऐकावे असे आहे. आपल्या देशात 2000 सालचा डिझाइन कायदा आहे. वस्तूचा आकार, नक्षी, रंगांची मांडणी यांची त्याखाली नोंदणी होते. संरक्षण दहा वर्षांचे, पुढे पाच वर्षे वाढवता येते. मात्र अर्जाच्या तारखेपूर्वी ते डिझाइन कोठेही प्रसिद्ध झालेले असता कामा नये. आधी जगाला दाखवले, मग अर्ज केला, तर नावीन्यच उरत नाही. म्हणजे ज्या दिवशी तिने ते छायाचित्र हौसेने टाकले, त्याच दिवशी तिचा हक्क गेला होता. "पण कागदावरचे चित्र तर माझेच ना?" असे तिने विचारले. त्यालाही उत्तर होते: नोंदणीयोग्य डिझाइनची नोंदणी न करता त्यावरून औद्योगिक पद्धतीने पन्नासाहून अधिक वस्तू निघाल्या, की त्या डिझाइनवरचा लेखाधिकारही संपतो. शाळेत आम्ही निबंध शिकवतो, अर्ज शिकवतो. हे कोणी शिकवत नाही.

वकिलाने आणखी एक गोष्ट तिला स्पष्ट सांगितली, आणि ती मला अधिक आवडली. 'लहर' आणि 'ईंट' तुझ्या नाहीत. त्या महेश्वरच्या आहेत. तुझी आहे ती केवळ मांडणी. जून 2025 मध्ये मिलान येथे प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला नावनिर्देशावाचून मिरवल्या, तेव्हा केवढा गहजब झाला! 2019 पासून कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन आहे, आणि ते महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगावसह कर्नाटकाच्याही चार जिल्ह्यांचे आहे. तो गहजब झाला याच मोबाइलच्या पडद्यावर, आणि त्यामुळेच त्या कंपनीला प्रेरणा कोठली हे मान्य करावे लागले. ज्या साधनाने मुलीचा घास हिरावला, त्यानेच चांभारांची बाजू जगापुढे मांडली, हे ध्यानात आल्यावर मी त्या साधनाला दूषण देणे सोडले.

हिवाळ्यात तिने नवे जाकीट केले. मधल्या काळात ती गप्प मात्र बसली नाही. महेश्वरचा घाट, ताणा लावणारे हात, रंगात बुडवलेल्या लडी यांची चित्रे विणकराची संमती घेऊन, त्याच्या नावानिशी ती टाकत राहिली. जाकीट स्वतः मलमलीत गुंडाळून कपाटात होते. अर्ज संगणकावरूनच भरता येतो. व्यक्तीसाठी शुल्क एक हजार रुपये, मात्र प्रत्येक डिझाइनला वेगळा अर्ज. मंगळवारी अर्ज दाखल झाल्याचा क्रमांक हाती आला. बुधवारी सकाळी तिचा फोन: "सर, आता टाकू का?"

मी चष्मा लावून तो क्रमांक आणि तारीख पुन्हा एकदा वाचून पाहिली, आणि "टाक," म्हटले. संध्याकाळी आमच्या सौभाग्यवतींनी पहिली मागणी नोंदवली; दर मात्र मलाच विचारायला लावला.