दहा मिनिटांच्या आतली कामं

गल्लीत कुणीतरी "नीर बंतरीऽ" म्हणून ओरडलं, की आमच्या घरातलं प्रत्येक काम आहे तिथं थांबतं. अक्कलकोटात आमच्या नळाला रोज पाणी येत नाही, आणि ज्या दिवशी यायचं त्या दिवशीही पहाटे की उजाडल्यावर, हे सांगता येत नाही. ज्याला आधी जाग येईल त्यानं गल्ली उठवायची. घरात एरवी मराठी बोलणारे आम्हीही पाण्याची हाक कानडीतच देतो. पहिली बादली गढूळ, ती मोरी-संडासाला. धार निवळली की प्यायच्या घागरी, दुहेरी फडक्यातून गाळून. मग हौद, मग मोटर लावून गच्चीवरची टाकी, आणि दाब उतरायला लागला की धुण्याची पिंपं. हा क्रम आमच्या दुसरीतल्या धाकटीलाही पाठ आहे. तिला अजून नऊचा पाढा येत नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, नागणसूरच्या बाजूच्या एका गावात. शाळा दहाची, स्कुटी सव्वानऊला दारातून निघायला हवी. हे सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहेत, त्यांची एसटी सातच्या आत. थोरला सातवीत. दोन्ही पोरांच्या शाळा वेगळ्या, रिक्षा वेगळ्या, आणि एकाला आवडणारी भाजी दुसऱ्याच्या डब्यातून हमखास परत येणार. एवढ्या मंडळींना वेळेवर घराबाहेर काढण्याचं काम आमच्याकडे भाकरीच्या तव्याभोवती चालतं. पोळ्या केल्या तर लवकर आवरेल, असं पुण्याची नणंद सांगते. पण ज्वारीच्या मुलखात सकाळी तव्यावर भाकरी नाही म्हणजे घरात कुणीतरी आजारी आहे.

भाकरी घाई चालवून घेत नाही. दळण ताजं असेल तर गार पाण्यातही पीठ मळता येतं. जुनं झालं की त्याची विरी जाते, गोळा हाताला धरत नाही, थापताना कडेला चिरा पडतात. मग आधण ठेवून उकळतं पाणी घालायचं, चमच्यानं कालवायचं आणि चटका सोसवेल इतपत निवलं की तळव्याच्या टाचेनं रगडायचं. रगडण्यात कसूर केली तर ती पुढं तव्यावर दिसतेच. परातीत पीठ भुरभुरून गोळा ठेवला, की हात वरून पडत राहतो आणि भाकरी आपली आपण गोल फिरत मोठी होते. ती फिरायची थांबली म्हणजे खाली चिकटली. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर. लगेच तिच्यावर पाण्याचा हात फिरवायचा, आणि ते पाणी सुकत आलं, पण पुरतं सुकलं नाही, अशा वेळी उलटायची. तो क्षण चुकला की पापुद्रा सुटत नाही. दुसरी बाजू शेकली की तवा बाजूला सारून भाकरी थेट जाळावर.

पाण्याचा हात फिरवल्यापासून उलटेपर्यंत जेमतेम अर्धं मिनिट मिळतं. त्यात उतू जाणारं दूध खाली घेता येतं, "मम्मी, माझा दुसरा सॉक्स सापडंना" याला "पलंगाखाली" असं न बघता उत्तर देता येतं, थोरल्याच्या चाचणीच्या पेपरवर सही करता येते. पेपरवर पाच बोटांचं पीठ उमटतं. त्याच्या बाईंना आता माझी सही त्यावरूनच ओळखू येत असावी. दुसरी बाजू शेकायला मिनिट-दीड मिनिट. त्यात धाकटीची एक वेणी बसते, दोन बसत नाहीत. म्हणून तिच्या दोन वेण्या दोन भाकऱ्यांत मिळून होतात आणि दोन्ही सारख्या कधीच होत नाहीत. त्यातच शाळेच्या ग्रुपवर संदेश येतो, की अमुक माहिती दहा वाजेपर्यंत भरावी. पिठाचं बोट फोनला कळत नाही, म्हणून मी करंगळीच्या पेरानं "हो सर" टाइप करायला शिकले आहे.

देशातली माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात, याचं सरकारी सर्वेक्षण २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये झालं. २०२४ च्या आकड्यांनुसार घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. ह्यांना हे वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "अठ्ठ्याऐंशी जरा जास्तच वाटतात." प्रामाणिक माणूस आहे. मला मात्र त्या सर्वेक्षणाची रीत जास्त मजेची वाटली. त्यांचा दिवस पहाटे चारला सुरू होतो, हे ठीकच. पण दिवसाचे ते अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे करतात आणि एका तुकड्यात अनेक कामं असतील तर दहा मिनिटं किंवा त्याहून जास्त चाललेलीच तेवढी टिपून घेतात. माझ्या सकाळी दहा मिनिटं सलग चालणारं काम एकच, पाणी भरणं, आणि तेही ज्या दिवशी येईल त्या दिवशी. बाकी दूध, सॉक्स, सही, वेणी, करंगळीचं "हो सर" हे सगळं "स्वयंपाक" या एका शब्दाखाली गडप होणार. बाईला दमायला काय झालं, असं जेव्हा कुणी विचारतं तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोरही असाच तक्ता असतो.

आता खरं सांगायचं तर ही सकाळ मी एकटी तारून नेत नाही. सव्वानऊला मी दाराबाहेर पडते तेव्हा ओट्यावर पीठ तसंच असतं, भांडी मोरीत असतात, आणि धाकटीची रिक्षा आलेली नसते. सासूबाईंना आम्ही अत्ती म्हणतो. त्या उंबऱ्यात येऊन म्हणतात, "नी होगव्वा, ना नोडतीनि." तू जा बाई, मी बघते. या 'बघते'मध्ये काय काय येतं, याची यादी मी कधी केली नाही आणि त्यांनीही कधी दिली नाही. दुपारी धाकटी परत आली की तिला जेवू घालणं, गॅसवाला, दळण, वाळवण, भाजीवालीशी हुज्जत. त्यांनी आयुष्यभर शेतात मजुरी केली, आणि आता म्हातारपणी माझ्या नोकरीची अर्धी ड्यूटी त्या करतात. माझ्या पगाराच्या स्लिपवर त्यांचं नाव नाही.

शाळेत पोहोचले की तिथंही चूल पेटलेली असते. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, त्यातून आणि डाळ-भाजीतून मिळून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळाली पाहिजेत, असा नियम आहे. हजेरी घेऊन आकडा सांगायचा, तांदूळ मोजून द्यायचा, नोंद करायची. घरी मी मुठीनं तांदूळ टाकते आणि शाळेत काट्यावर. पण तो शिजवणारी बाई काट्याकडं बघतही नाही. पोरांचा गलका ऐकून पातेलं किती भरायचं ते तिला कळतं. तिचं स्वतःचं लेकरू आमच्याच शाळेत पहिलीत आहे. घरी तिनं माझ्या आधी भाकरी थापलेल्या असतात, शाळा सुटायच्या आत ती भांडी घासून दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. या कामाचं मानधन २०२३ मध्ये १,५०० वरून २,५०० रुपये झालं. महिन्याचं. नोकरी करणाऱ्या आईबद्दल लिहिताना माझ्यासारख्या पगारदार बाईचाच विचार होतो, आणि ती मात्र 'मदतनीस' राहते.

हे सगळं आठवड्यातल्या साध्या दिवसाचं. गुरुवार वेगळा. गुरुवारी स्वामी समर्थांच्या वटवृक्ष मंदिराकडं जाणारे रस्ते गाड्यांनी भरतात, रिक्षा लांबून वळसा घेतात, आणि आमच्याकडं पाहुणे येतात. अक्कलकोटात राहणाऱ्या माणसाला नातेवाईक कमी पडत नाहीत. पुणे, ठाणे, नाशिक, कुठूनही फोन येतो, "स्वामींच्या दर्शनाला निघालोय, म्हटलं तुमच्याकडं डोकावून जावं." डोकावणारे सात-आठ जण असतात. पहाटे निघालेले, त्यातल्या दोघांचे उपवास, एकाला मधुमेह, आणि दर्शन झाल्यावर राजवाड्यातलं शस्त्रागार कुठं आहे, गाणगापूर किती लांब, हे सगळं विचारायचं असतं. मला दहाची शाळा असते.

स्वामी १८७८ मध्ये समाधिस्थ झाले, त्याआधी सुमारे दोन दशकं ते या गावात होते. सुरुवातीचा त्यांचा मुक्काम चोळप्पा या भक्ताच्या घरी. त्या काळच्या कथांत चोळप्पांची गरिबी आणि निष्ठा यांचं वर्णन सगळे करतात. मी त्या कथा ऐकते तेव्हा माझं लक्ष येसूबाईंकडं जातं, चोळप्पांच्या पत्नीकडं. स्वामी केव्हा काय मागतील, रांधलेलं कुणाला वाटून टाकतील, मागोमाग किती भक्त दारात उभे राहतील, याचा नेम नाही, आणि डब्यात पीठ किती हे फक्त तिला ठाऊक. भक्तीच्या कथेत चुलीपुढं बसलेल्या बाईची परीक्षाही चाललेली असते, पण तिचा निकाल कुणी सांगत नाही.

माझी सुटका करायला निदान अन्नछत्र आहे. श्री स्वामी समर्थ अन्नछत्र मंडळ १९८८ मध्ये सुरू झालं आणि दोन्ही वेळा हजारो लोक तिथं जेवून जातात. सुरुवातीला पाहुण्यांना "महाप्रसाद तिथंच घ्या" म्हणताना माझी जीभ अडखळायची. घरची सून पाहुण्याला बाहेर जेवायला धाडते, असं व्हायला नको. अत्तींनीच हा प्रश्न सोडवला. त्या पाहुण्यांना सांगतात, "स्वामींच्या दारात येऊन आमच्या घरी काय जेवता? प्रसाद टाळू नये." कुणाची हिंमत नाही पुढं बोलायची. त्या मग परत जाणाऱ्यांच्या हातात कडक भाकरीचं पुडकं आणि शेंगाचटणी ठेवतात, आणि पाहुणचार पूर्ण होतो.

या कडक भाकऱ्या घरच्या नसतात. पातळ थापून, मंद आचेवर पार ओल जाईपर्यंत शेकलेली ही भाकरी पापडासारखी मोडते आणि कित्येक दिवस टिकते. ती करायला सलग बसावं लागतं, आणि सलग बसणं हेच माझ्याकडं नाही. पलीकडच्या गल्लीतल्या एक काकू त्या करून देतात. दुपारी चुलीसमोर बसल्या की अंधार पडेपर्यंत उठत नाहीत. चटणीही त्यांचीच, उखळात कुटलेली, तेल सुटेपर्यंत. सोलापूर भागात अशा कितीतरी घरांमधून बायका भाकऱ्या विकून पोरांच्या फिया भरतात. माझ्या घराची अब्रू त्यांच्या चुलीवर शेकली जाते, हे मी त्यांना एकदा म्हणालेही. त्यांनी फक्त ऑर्डर किती ते विचारलं.

परवाच्या बुधवारी रात्री पुण्याहून नणंदेचा फोन आला. ती, तिची जाऊ, जावेचे माहेरचे, असे मिळून अकरा जण गुरुवारी पोहोचणार. मी घाईनं काकूंना फोन लावला, उद्यासाठी चाळीस भाकऱ्या आणि अर्धा किलो चटणी पाहिजे म्हणून. पलीकडं बराच गोंगाट होता, भांडी वाजत होती, कुणीतरी पोर रडत होतं.

"उद्या नाही जमायचं बाई," त्या म्हणाल्या. "माझ्याच घरी पाहुणे यायलेत. नाशिकचे. दर्शनाला."